माघवारीची पायी दिंडी : भिशी भरण्याआधी

पौषात भाताची मळणी उरकली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गावोगावच्या देवळात एक वही उघडते. नाव, वय, गल्ली, घरचा फोन, भिशी म्हणजे दिंडीच्या जेवणाखाणाची वर्गणी किती जमा. माघ शुद्ध एकादशीला पंढरपूर गाठायचं म्हणजे त्याआधी दहा-बारा दिवस निघायला हवं. दरवर्षी या वहीत काही नवी नावं पडतात आणि त्यांतली काही पुढच्या वर्षी पुन्हा दिसत नाहीत. हे त्या नव्या नावांसाठी. भरलेल्या पैशांत आणि दिलेल्या दिवसांत काय मिळतं, काय मिळत नाही आणि कुठे बिनसतं, एवढंच बघायचं आहे. भक्तीला गुण द्यायचा अधिकार कुणाला नाही. आमटीला आणि राहुटीला मात्र देता येतात.

आधी माघीच का, ते. आषाढीच्या दिवसांत आपल्याकडचा शेतकरी मोकळा नसतो. बेळगाव तालुक्यात धूळवाफ पेरलेल्या भाताची कोळपणी चालू असते, खानापूरकडे रोपलावण. कार्तिकीला तेच भात कापायला येतं. माघात भात घरात असतो, रानात मसूर नाहीतर हरभरा उभा असतो आणि त्याला माणसाची फारशी गरज नसते. म्हणून इथल्या गावांची मोठी वारी माघीची. कार्तिकीलाही दिंड्या जातात, पण त्यांत नोकरदार आणि निवृत्त माणसं जास्त. चार वाऱ्यांपैकी आषाढीचा झगमगाट माघीला नाही. आषाढीला वाटेवर सरकार टँकर, दवाखाने, फिरती स्वच्छतागृहं उभी करतं. माघीला त्या मापाने काही नसतं, सगळं दिंडीने स्वतः करायचं. त्यामुळे दिंडी चालवणाऱ्यांचा खरा कस माघीला लागतो, आणि दिंडी पारखायचीही तेव्हाच.

माणसं नाव का घालतात, याची ठरलेली उत्तरं आहेत. वडिलांची वारी होती, ते थकले म्हणून मुलगा आला. आजारपणात बोललेला नवस. घरच्यांनी दारू सुटावी म्हणून मागे लागून पाठवलेला. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर दिवस जाईना म्हणून आलेला. कुणी मृदंग शिकायला येतं, कारण गावच्या भजनी मंडळात फुकट शिकवतात आणि शहरातल्या क्लासची फी परवडत नाही. बायकांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं, ते त्या आपसांत मोकळेपणाने बोलतात : लग्नानंतर चूल आणि गोठा सोडून सलग दहा दिवस बाहेर राहायला कुणी आडकाठी करत नाही, असं निमित्त हे एकच.

या सगळ्याखाली एक व्यवहारही आहे आणि तो लपवण्यासारखा नाही. दिंडीत असलेल्या माणसाच्या घरी मयत झालं, तर तासाभरात टाळ-मृदंग घेऊन मंडळ दारात उभं राहतं. स्मशानापर्यंत भजन, दिवसकार्याला पुन्हा भजन, जेवणाची पंगत वाढायला हात. लग्नाला भांडी, सतरंज्या आणि वाढपी. दवाखान्यात रात्रीची सोबत. शहरात पैसे मोजले तरी ही सोबत मिळत नाही आणि इथे ती भिशीत धरलेली नसते. बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या साहेबांच्या जमान्यात फ्रीमेसन नावाच्या बंद मंडळाची लॉज चालत. तिथेही बंधुभाव हाच शब्द होता, पण नवं नाव आलं की आतल्यांनी गुप्त मत द्यायचं आणि पेटीत काळी गोळी पडली की नाव अडायचं. दिंडीत नाव अडवायची पेटीच नाही. वही उघडी असते. अडवणूक होते ती नंतर, वेगळ्या रीतीने. तिच्याकडे पुढे येऊच.

भिशीचा आकडा गावोगाव वेगळा असतो आणि आकड्यावरून दिंडी निवडणं ही पहिली चूक. विचारायचं ते हे : यात दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, चहा, राहुटी, सामानाचा ट्रक आणि पंढरपुरातला मुक्काम धरला आहे की नाही? बऱ्याचदा पंढरपुरातल्या मठाचं भाडं आणि परतीचं वाहन बाहेर ठेवलेलं असतं आणि ते शेवटच्या दिवशी कळतं. पावती छापील हवी. मंडळ १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं असेल, तर गेल्या वर्षीचा जमाखर्च मागता येतो. नोंदणी नसलेलं मंडळ वाईटच असं नाही, पण तिथेही देवळात वाचून दाखवलेला हिशेब असायला हवा. ‘माऊली, देवाच्या कामात हिशेब कसला’ असं उत्तर मिळालं, तर वही मिटून दुसऱ्या गावची दिंडी शोधावी. ज्याला हिशेब ठेवता येत नाही त्याला शंभर माणसांचा तांदूळही मोजता येत नाही.

तांदळाचं माप हीच स्वयंपाकाची खरी परीक्षा. शंभर माणसांच्या एका जेवणाला, भाकरी नसेल तर, दहा ते बारा किलो तांदूळ लागतो. आमटीला चार-साडेचार किलो तूरडाळ. भाकरी करायची तर माणशी दोन धरून अठरा ते वीस किलो ज्वारीचं पीठ आणि थापायला आठ-दहा बायका, तीन तवे. सकाळच्या उप्पिटाला सात-आठ किलो रवा. चहा शंभर कप म्हणजे दहा लिटर. त्यात पाच लिटर दूध, किलोभर साखर, पावशेराला थोडी कमी पावडर. खानापूर-बेळगावच्या माणसाला दोन्ही वेळ भात नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही आणि रायबाग-अथणीच्या माणसाला भाकरीशिवाय चालवत नाही. दिंडीत दोन्हीकडची माणसं असतील, तर दुपारी भात आणि रात्री भाकरी-पिठलं हा तोडगा चालतो. उलटं केलं तर दुपारच्या भाकरीवर चालताना तहान फार लागते.

पिण्याचं पाणी माणशी चार-पाच लिटर. स्वयंपाक, भांडी, हातपाय मिळून शंभर माणसांना दिवसाला तीन हजार लिटरचा टँकर लागतोच. पाण्यात काटकसर करणाऱ्या दिंडीत तिसऱ्या दिवसापासून पोटं बिघडतात, कारण पहिला हात पडतो तो भांडी धुण्यावर. दोन पाण्यांत धुवायची भांडी एका पाण्यात उरकली जातात, त्यात उरलेल्या आमटीचा ओशटपणा राहतो आणि दुपारच्या उन्हात तो आंबतो. टँकर कुठल्या विहिरीतून भरतो हेही विचारावं. क्लोरीनच्या गोळ्या खिशात ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांना हसू नये.

स्वयंपाकाचं सगळ्यात जास्त बिनसतं ते वेळेवर, आणि त्याचं कारण बहुतेकदा एकच : भांड्यांचा एकच संच. सकाळचा नाश्ता झाल्यावर आचारी भांडी घासत मागे राहतो, दिंडी पुढे जाते, ट्रक तिला ओलांडून दुपारच्या जागी पोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात. मग बाराचं जेवण अडीचला. तोवर साखरेचा आजार असलेल्या माणसाचे हात थरथरायला लागतात आणि त्याला ‘थोडं नाम घ्या, बरं वाटेल’ असं सांगितलं जातं. नाम घ्यावंच, पण खिशात शेंगदाण्याचा लाडूही हवा. चांगल्या दिंडीत भांड्यांचे दोन संच आणि दोन टोळ्या असतात. एक टोळी नाश्ता वाढते, दुसरी पहाटेच दुपारच्या जागी जाऊन चूल मांडते. व्यापारी गॅसची १९ किलोची टाकी शंभर माणसांना दीड ते दोन दिवस पुरते, म्हणजे शंभरांच्या दिंडीबरोबर सहा-सात टाक्या हव्यात. हे दोन प्रश्न, संच किती आणि टाक्या किती, विचारल्यावर समोरचा माणूस गोंधळला तर समजून घ्यावं.

मिरजेच्या पुढे वाटेवरच्या गावांत पंगत असते. तिथली माणसं दिंडी थांबवून जेवू घालतात. यात एक अडचण आहे जी कुणी बोलत नाही : एका दिवसात तीन गावांनी पंगत धरली, तर तिन्हीकडे बसावं लागतं, नाहीतर गाव दुखावतं. तिसऱ्या पंगतीनंतर चालणं होत नाही. शहाणे दिंडीचालक आधी फोन करून एका गावाला चहा, एकाला नाश्ता, एकाला जेवण असं वाटून देतात. त्या दिवसाचा वाचलेला शिधा शेवटी शिरा होऊन येतो की कुणाच्या घरी जातो, हे हिशेबाच्या दिवशी कळतं.

राहुटीबद्दल थोडक्यात. पंधरा बाय बारा फुटांच्या राहुटीत पंधरा माणसं नीट झोपतात, वीस कशीबशी. माघात रात्री थंडी असते आणि दंव पडतं, म्हणून वर ताडपत्री हवी आणि खाली गवताचा किंवा प्लॅस्टिकचा एक थर. सतरंजी थेट जमिनीवर टाकली तर पहाटे कंबर धरते. सामानाच्या पिशवीवर नाव आणि राहुटीचा नंबर रंगाने लिहावा. कागदी चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी गळून पडते. पिशवी बारा किलोच्या वर नको, कारण ती पहाटे अंधारात दुसरा कुणीतरी ट्रकवर चढवतो आणि तो सत्तरीचा असू शकतो. बायकांच्या राहुट्या ट्रकच्या आणि दिव्याच्या जवळ हव्यात, शौचाच्या जागेची वाट उजेडात हवी. हे बघायला पुढारी येत नाहीत. बघायचं असेल तर गेल्या वर्षी जाऊन आलेल्या दोन बायकांना विचारावं, त्या एका वाक्यात खरं सांगतात.

आता रांगेबद्दल, कारण दिंडी म्हणजे मुळात रांग आहे. पुढे पताका, मग दोन्ही बाजूंना टाळकरी, मध्ये मृदंग, त्यामागे वीणा, मागे डोक्यावर तुळस आणि हंडा घेतलेल्या बायका. प्रत्येकाची जागा ठरलेली. पहाटे काकडा, उजाडल्यावर निघणं, आठ-दहा किलोमीटरवर नाश्ता, दुपारी विसावा, पाचच्या आत मुक्काम, मग हरिपाठ, जेवण, कीर्तन. अभंग म्हणत चालताना तासाला साडेतीन-चार किलोमीटर होतात. दिवसाचे बावीस धरले तर नुसतं चालणंच साडेपाच ते साडेसहा तासांचं. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग पावलीवर, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पावलं टाकत, म्हणायला पाऊण तास लागतो. नव्या माणसाला ही पावली येत नाही आणि ती कुणी शिकवली नाही, तर तो आपोआप कडेला सरकतो. कडेचा माणूस मोबाइल काढतो. मोबाइल काढलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

वर ज्या अडवणुकीचा उल्लेख केला ती हीच. वहीत नाव सगळ्यांचं घेतात, पण काही दिंड्यांत वीणा, मृदंग, चोपदारी, वाढप, हिशेब ही कामं चार-पाच घरांतच फिरत राहतात. नव्या माणसाला ‘तुम्ही चाला हो फक्त’ असं प्रेमाने सांगितलं जातं. ऐकायला बरं वाटतं. पण नुसतं चालणारा माणूस पाचव्या दिवशी पाय मोजू लागतो आणि ज्याच्याकडे पाण्याची घागर सोपवली आहे त्याला पायांकडे बघायला सवड नसते. माणसं सोबतीसाठी येतात आणि कामामुळे टिकतात, हे कुठल्याही जुन्या दिंडीचालकाला माहीत असतं. वागतात मात्र थोडेच. म्हणून आमच्या मते दिंडी निवडायची कसोटी एकच : पहिल्या दिवशी नव्या माणसाच्या हाती काही देतात का? पताका, चपलांची राखण, ताटांची मोजणी, काहीही. देत असतील तर जेवण थोडं उशिरा झालं तरी ती दिंडी चांगली.

टाळ देत असतील तर दोन गोष्टी आधी शिकून घ्याव्यात. टाळ काशाचा, जोडी अर्धा किलोच्या आसपास, दिवसभरात मनगट उतरतं. दोन्ही वाट्या अगदी सपाट आपटल्या तर मध्ये हवा कोंडते आणि आवाज बसतो. किंचित सरकवून, कडेला कड लावून वाजवायचा. फार जोरात कड मारली तर काशाला चीर जाते आणि चीर गेलेला टाळ मग मडक्यासारखा वाजतो. दोरी सुती असावी, नायलॉनची बोटं कापते. मृदंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे तोंडावरच्या कातड्याला, भिजवलेली कणीक लावतात. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. ती तशीच वाळली तर कातड्याला तडे जातात. म्हणून मृदंग्याच्या पिशवीत पावशेर कणीक आणि एक बोथट चाकू असतोच. पहाटेच्या दंवात पुडी सैल पडते, दुपारी ताणते, त्यामुळे वाद्या ताणणारे लाकडी गट्टे ठोकायची छोटी हातोडीही लागते. वीणा घेतलेल्या माणसाने बसायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकवायची नाही. दुसऱ्याच्या गळ्यात घालताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. समोरचा वयाने लहान असला, मजूर असला, परक्या जातीचा असला तरी. या एका कृतीसाठी दिंडीला पूर्ण गुण द्यावे लागतात. ज्या दिंडीत वीणा ठरावीक गळ्यांतच फिरते, तिचे तेवढेच कापावे लागतात.

माळ घालणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वहीत नाव घालण्याइतकी सहज घेऊ नये. दिंडीत चालायला माळ सक्तीची नाही, निदान नसावी. माळ म्हणजे कायमचं सभासदत्व. तुळशीच्या १०८ मण्यांची माळ फडाच्या (एका परंपरेतल्या वारकऱ्यांच्या गटाच्या) प्रमुखाकडून किंवा जुन्या माळकऱ्याकडून, ज्ञानेश्वरीवर ठेवून, गळ्यात घेतली जाते. अटी तोंडी असतात पण पक्क्या : मांस आणि दारू बंद, परस्त्री आईसमान, खोटं बोलायचं नाही, एकादशी धरायची, रोज हरिपाठ, वर्षातून एक तरी वारी. माळ तुटली तर ओवून पुन्हा गळ्यात घालेपर्यंत जुने माळकरी अन्न घेत नाहीत, म्हणून खिशात जादा दोरा ठेवतात. दारू सोडवायला घरचे माळेचा आग्रह धरतात आणि तो पुष्कळदा उपयोगी पडतो. दुकानदाराच्याच तोंडून ‘अहो माळकरी तुम्ही’ असं ऐकायची लाज मोठी असते. पण रोज पिणाऱ्या माणसाने वारीच्या पहिल्याच दिवशी एकदम बंद केली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, भ्रम, झटके येऊ शकतात. हे दुखणं आहे, पाप नव्हे. अशाला आधी डॉक्टरकडे न्यावं, माळ पुढच्या एकादशीला घालता येते. घाईने माळ घालून सहा महिन्यांत काढून ठेवलेली माणसं गावात तोंड चुकवत फिरतात आणि दिंडीलाही कायमची मुकतात. एक वर्ष नुसतं चालून मग ठरवावं, असा सल्ला देणारा महाराज भेटला तर तो चांगला समजावा.

वाट साधारण अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटरची : चिकोडीवरून मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीचं नाव वारकऱ्यांत सगळ्यांना ठाऊक. आषाढीला ज्ञानोबांच्या पालखीपुढे रिंगणात धावणारे घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांचे, आणि ते अंकलीहून आळंदीला चालत जातात. हा मान सीमाभागाला हैबतबाबांनी सोहळ्याची घडी बसवली तेव्हापासूनचा.

माघात याच पट्ट्यात उसाचा गळीत हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. पहाटेच्या अंधारात दिंडीला सगळ्यात मोठा धोका मागून येणाऱ्या वाहनाचा. ३१ ऑक्टोबर २०२२ ला संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोणीजवळ कार्तिकीला निघालेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या दिंडीत मागून गाडी घुसली आणि सात वारकरी गेले. तेव्हापासून तरी प्रत्येक दिंडीने उजाडल्याशिवाय निघू नये आणि मावळतीच्या आत मुक्काम गाठावा. रांगेच्या मागे पन्नास पावलांवर चमकणारं जाकीट घातलेला, हातात लाल दिवा घेतलेला माणूस हवा. त्यामागे दिंडीचीच एक गाडी, इशाऱ्याचे दिवे चालू ठेवून. ‘पांडुरंग आहे की मागे’ असं म्हणणाऱ्या चालकाच्या दिंडीत लहान पोर पाठवू नये.

हद्द ओलांडायची म्हणजे कागदही लागतात. ट्रक कर्नाटकाच्या नंबरचा असेल तर महाराष्ट्रात चालण्याचा परवाना तपासून घ्यावा, नाहीतर मिरजेच्या अलीकडे ट्रक अडतो आणि त्याबरोबर शंभर माणसांचं जेवणही. मालट्रकमध्ये दमलेली माणसं बसवणं कायद्यात बसत नाही. त्यासाठी वेगळी प्रवासी गाडी ठेवावी लागते. वाटेवरच्या पोलीस ठाण्यांना आधी पत्र द्यावं, इकडे कन्नडात, तिकडे मराठीत. रुग्णवाहिकेला १०८ हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो, पण हद्दीजवळ फोन कुठल्या टॉवरवरून लागला त्यावर कुठल्या राज्याचा कक्ष उचलतो हे ठरतं. म्हणून गावाचं नाव, तालुका आणि जिल्हा स्पष्ट सांगावं. सीमेचा वाद कितीही तापलेला असला तरी रांगेत तो काढायचा नाही, हा अलिखित नियम बहुतेक दिंड्या पाळतात. अथणी-रायबागकडच्या कन्नड दिंड्या वाटेत भेटतात, त्या पुरंदरदासांची पदं म्हणतात, आपले टाळकरी त्यांना ठेका देतात. तेवढ्यावर तो प्रश्न तिथे मिटतो.

पायांचं सांगायलाच हवं. नवी चप्पल घालून कुणी येऊ नये, आणि कोल्हापुरी तर मुळीच नाही. अथणी-निपाणीची चप्पल २०१९ पासून भौगोलिक मानांकनवाली असली तरी पहिला महिनाभर चावणारच. घालायचीच तर दीड महिना आधी तेल पाजून मुरवावी. बूट घातले तर सुती मोजे दुपारी बदलावेत. फोड घासण्याने आणि घामाच्या ओलीने येतात, नुसत्या अंतराने नव्हे. फोड आला तर कातडं सोलू नये, स्वच्छ सुईने कडेला भोक पाडून पाणी काढावं आणि पट्टी लावावी. साखरेवाल्याने तेही स्वतः करू नये. निघण्याआधी महिनाभर रोज सहा आणि रविवारी पंधरा किलोमीटर चालायची सवय ठेवली की निम्मी दुखणी टळतात.

तक्रार करायची रीत दिंडी ठरवायच्या आधीच विचारून ठेवावी. माउलींच्या आषाढी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो, हजारो माणसं गप्प होतात आणि ज्या दिंडीची तक्रार असते ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार येऊन ऐकून घेईपर्यंत टाळ थांबत नाहीत. सापडलेल्या-हरवलेल्या वस्तूही तिथेच पुकारतात. आपल्या शंभर-दीडशे माणसांच्या दिंडीत हे जसंच्या तसं नसतं, पण रात्रीच्या कीर्तनाआधी पाच मिनिटं ‘कुणाचं काही?’ असं विचारणारा माणूस हवा. जिथे तो नसतो, तिथे तक्रार राहुटीत कुजबुजत फिरते आणि सांगोल्यापर्यंत तिची दोन गटांत फाळणी झालेली असते.

कुणी येऊ नये तेही. ज्याला नीट झोप लागल्याशिवाय चालत नाही, ज्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन वर्षाच्या आतलं आहे, ज्याला सोबत्यांचं घोरणं सहन होत नाही, त्याने एसटीने जाऊन दर्शन घ्यावं. पांडुरंग रागावत नाही. कंत्राटं आणि मतं गोळा करायला येणाऱ्यांना पहिले दोन दिवस फार उत्साह असतो, चिकोडीच्या पुढे ते सहसा दिसत नाहीत. त्यांच्याबद्दल वेगळं काही करावं लागत नाही.

पंढरपुरात फार काही सेवा अपेक्षू नये. एकादशीला पदस्पर्शाची रांग तासन्‌तास चालते. चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन करून बरीच जुनी माणसं परततात आणि त्यांना काही चुकल्यासारखं वाटत नाही. बारस सोडली की दिंडी सुटते. मठात खोली पक्की आहे का आणि परतीची गाडी कुठून सुटते, हे दशमीच्या रात्रीच विचारून ठेवावं. बारशीला सगळ्यांना एकदम घर आठवतं आणि कुणी कुणाचं ऐकत नाही.

गावी आल्यावर पुढच्या एकादशीला देवळात हिशेब वाचतात. नव्या माणसांतले बरेच तिकडे फिरकत नाहीत. त्यांना वाटतं वारी झाली, संपलं. पण त्याच बैठकीत पुढच्या वर्षीचं पाणी, पताका, वाढप, राहुट्या कुणाकडे, हे ठरतं. वही वाचली जात असताना आपल्या नावापुढे काहीच आलं नाही, तर तिथेच हात वर करून काम मागून घ्यावं.